शेवट आल्यावर सांगतो
परवा पुतणीने कुरिअरचा खोका फोडला, नव्या कागदाचा वास घरभर पसरला आणि मला पालम गावातल्या आमच्या ओट्यावरची एक संध्याकाळ आठवली. तेव्हा चाळिशी ओलांडून मला पोरासोरांच्या इंग्रजी कादंबऱ्यांचं वेड लागलं होतं. उंच भिंतींची शहरं, जुलमी राजवट आणि तिथून पळू बघणारी एखादी सोळा वर्षांची मुलगी. वाचलेलं मी शेजारच्या मेंढरंवाल्याच्या नववीतल्या लेकीला रोज थोडं थोडं सांगायचो आणि ऐन रंगात थांबायचो; तेवढीच आपली शान. त्या दिवशी गोष्टीतली मुलगी भिंतीच्या दारापाशी पोचली आणि मी सवयीनं चष्मा काढला. “काका, आज नका ना थांबू. सकाळी आमी ऊस तोडायला जायलोत. ती भाईर पडती का न्हाई, तेवढं तरी सांगा.” शेवट मला तोंडपाठ होता, तरी ऐटीत म्हणालो, “आल्यावर सांगतो, म्हणजे लवकर येशील.” उन्हाळ्यात तिचे आईबाप परतले, ती नाही. आई म्हणाली, “तिचं लगीन लावून दिलं तिकडंच, भाऊ.” खोक्यातलं पुस्तक छातीशी धरून पुतणी मला दटावत होती, “काका, शेवट सांगायचा नाही हं!” म्हटलं, “बाई, न सांगण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.”