पावणेचारची बादली

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत क्वालिटी चेकिंगला आहे, शंका घेणं ही माझी नोकरीच. कोणी म्हणालं "आमच्याकडे असं असं झालं", की माझा पहिला प्रश्न, "तू स्वतः पाहिलंस का?" हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून लिहितेय…

मी राहते उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. आई एकटी बदलापूरला, कात्रपच्या आमच्या छोट्या रो-हाऊसमध्ये. मागच्या वर्षी तिच्या गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवला, सोबत ऑटोमेशन — गरम पाण्याच्या पाइपला सेन्सर, बाथरूममध्ये किती लिटर गेलं ते थेट माझ्या मोबाइलवर. ज्यांच्याकडून घेतला ते सिंधी काका छातीठोकपणे म्हणाले, "बेटा, आदमी झूठ बोलेगा, सिस्टम नहीं." मला ते वाक्य भारी आवडलं. तिथेच घात झाला.

काही दिवसांनी रोज दुपारी पावणेचारला मेसेज यायला लागला. बाथरूम, गरम पाणी, सहा लिटर.

फोन केला. "आई, दुपारी परत आंघोळ करतेस?"

"मी? सकाळी सहालाच उरकते की. तुला माहीत नाही?"

"मग पाणी कोण घेतं?"

"मला काय विचारतेस? तुझ्या त्या यंत्राला विचार!"

प्लंबर आणला — गळती नाही. शेजाऱ्यांवर संशय घेऊन झाला, गच्चीचं कुलूप बदललं. सेन्सरही बदलला. मेसेज चालूच. मग उरली कोण? आई. सत्तरी ओलांडलीय, विसरत असेल… मी तिला टोचायला लागले. "नीट आठव." "कालही हेच म्हणालीस." शेवटी सांगूनच टाकलं, डॉक्टरांना दाखवू, घर भाड्याने देऊ, तू माझ्याकडे ये. आई म्हणाली, "माझं घर सोडायला लावू नकोस गं."

तरी मी रजा टाकून गेले. सामान बांधायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? साडेतीनला बाथरूम स्वतः तपासलं. बादली उपडी, फरशी कोरडी. दाराला बाहेरून कडी घातली आणि आईला समोर खुर्चीवर बसवलं, अगदी पोलिसासारखं. ती बिचारी वाती वळत बसली.

पावणेचारला मोबाइल वाजला. सहा लिटर.

आई जागची हललीसुद्धा नव्हती. कडी काढली. बादली सुलटी, नळाखाली, काठोकाठ भरलेली. हात घातला तर पाणी कोमट! टाकीतलं पाणी त्या वेळी साठ डिग्री होतं, मोबाइलवर दिसत होतं. म्हणजे कोणीतरी विसण घातलं होतं, आणि गार पाण्याचा नळ हातानेच फिरवावा लागतो. गळती विसण घालते का हो? तेही इतकं बेताचं, तान्ह्या बाळाला चालेल असं?

मी ओरडले. आई आली. बादलीकडे बघून घाबरेल असं वाटलं होतं, पण ती घळाघळा रडायलाच लागली.

"म्हणजे मी नव्हते ना? सांग ना, मी नव्हते ना?"

मग मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथल्या कॅलेंडरवर ती दुधाचे खाडे लिहिते. त्याच चौकोनांत, प्रत्येक तारखेखाली, बारीक अक्षरात — "पावणेचार. पायरीवर बसले होते. हात कोरडे." मागचं पान उलटलं, तिथेही तेच. यंत्राचं ऐकून मी तिला रोज इतकं खोडून काढलं होतं, की तिचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द केली, आई तिच्याच घरात आहे. बादली कोण भरतं ते आजही कळलेलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "सेन्सर बदल दो." कितीदा बदलू?

मेसेज अजून येतो. आला की मी लगेच आईला फोन लावते, पण पाण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. "चहा झाला का?" एवढंच विचारते.

"झाला," ती म्हणते, "आणि हात कोरडे आहेत हो माझे!" आणि हसते.

मला काही हसता येत नाही.