फुटक्या प्लेटांची सुखीबाई

फुलसावंगीजवळच्या तांड्यात सोलरची प्लेट फुटली की लोक ती सुखीबाईकडे आणतात. कोणाची गारांनी फुटलेली असते, कोणाची वानरांनी. तिच्या हातात आलेल्या पहिल्या प्लेटा मात्र तिच्या सख्ख्या दिरानं कुऱ्हाडीनं फोडल्या होत्या.

वाटणीत विहीर थोरल्या रामधनकडे, म्हणजे सुखीबाईच्या नवऱ्याकडे आली आणि धाकट्या बबलूला पाण्याची पाळी ठरली. पण सोलरचा पंप बसला तसा रामधन पाळी विसरायला लागला. ऐन ओंबीवर आलेला बबलूचा गहू पिवळा पडला. एके सकाळी तो विहिरीवर आला तेव्हा तिथं सुखीबाई एकटीच होती.

"भाभी, पानी सोड."

"तुह्या भावाले विचार. तो महागावले गेला आहे."

"त्याले कितीक डाव विचारू? माहा गहू वाळून राह्यला."

बबलूचं खरं होतं. आदल्या दिवशी तिनंही रामधनला तेच सांगितलं होतं. पण नवऱ्याची बाजू दिरापुढं कशी सोडायची, म्हणून तिनं पंपाच्या बटनाला हात लावला नाही. बबलू वळून गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला.

पहिल्या घावात अख्खी काच तडकून पांढरी झाली. आधी तो कुऱ्हाडीच्या पाठीनं हाणत होता, मग धारेनं तोडायला लागला. सुखीबाईनं मागून त्याचा सदरा धरला.

"हट भाभी, नाहीतर तुलेबी तोडतो."

तिनं सोडलं नाही. त्यानं दांडा फिरवला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली. ती काचांवर पडली. गालातून रक्त वाहत होतं आणि बबलू आठवी प्लेट फोडत होता.

रामधन परतला. बायकोचा हात पाहिला, बबलूचं नाव ऐकलं. लोखंडी सब्बल उचलली आणि तांड्यात गेला. देवळासमोर त्यानं भावाला खाली पाडून गुडघ्यावर सब्बल घातली. बबलू ओरडायचा थांबला, तरी तो मारतच होता. चार माणसांनी ओढून काढला तेव्हा गुडघ्याचा चुरा झाला होता. बबलू दवाखान्यात गेला, रामधन जेलात.

गहू दोघांचाही रानात उभा होता. सुखीबाईनं पूर्वी बचत गटात सोलरचे दिवे जोडले होते. मीटर लावणं, तापल्या कांडीनं वायरीला कथलाचा डाग देणं तिला येत होतं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती एकेक प्लेट तपासत गेली. धारेनं तुटलेल्या तीन प्लेटा गेल्या होत्या. पाठीच्या घावांनी तडकलेल्या पाच अजून वीज देत होत्या. त्यांत पाणी शिरू नये म्हणून तिनं तडकलेल्या काचेवर दोन डब्यांतलं पारदर्शक रसायन कालवून ओतलं, मेलेल्या वगळून वायरी जोडल्या. भर उन्हात मोटरनं बारीक धार टाकली; ती तिच्याच गव्हाला कशीबशी पुरत होती.

मेलेल्या तिघींपैकी एकीतला सेलचा एक पट्टा जिवंत निघाला. त्यावर तिनं बॅटरी लावून कुंपणाचं झटका मशीन चालवलं. नाव रानडुकरांचं. भीती तिला माणसाचीच होती.

बबलू लंगडत घरी आला, आणि एका संध्याकाळी हातात दगड घेऊन विहिरीकडं. वाकून कुंपणातून शिरताना त्याला झटका बसला. तो कोसळला आणि दुखरा पाय तारेत गुंतला. मशीन टक करायचं आणि त्याचं अंग उडायचं. पुन्हा टक. पुन्हा.

"भाभी, बंद कर."

सुखीबाई बटनापाशीच होती. या झटक्यानं सहसा माणूस मरत नाही हे तिला ठाऊक होतं, किती दुखतं तेही ठाऊक होतं. बोट बटनावर ठेवून ती त्याचं वाकडं झालेलं तोंड पाहत राहिली. तिला आनंद झाला. पोटात मावेना इतका झाला, तेव्हा तिचं तिलाच भ्या वाटलं. तरी आणखी दोन-तीन झटके तिनं जाऊ दिले. मग बटन दाबलं.

तारेतून पाय सोडवताना बबलू लहान पोरासारखा रडत होता. धोतर ओलं झालं होतं.

"दगड कोणत्या प्लेटीसाठी आनलता?"

"सगळ्याच फोडाले."

ती खाली बसली. "उद्यापासून तुही पाळी चालू. तुहा भाऊ सुटून आला तरी चालू. पन पुन्हा दगड घेऊन आला तर मी बटन दाबनार नाही."

रामधन जामिनावर सुटला. पाळीचं ऐकलं तसा घरात शिरून त्यानं बायकोवर हात उचलला. ती ओट्यावर एका प्लेटीला डाग देत बसली होती. हातातली तापलेली कांडी तिनं त्याच्या छातीसमोर धरली. सदऱ्याला टेकली, कापड जळाल्याचा वास आला.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "या पान्यापायी एक पाय गेला, एक हात मोडला. आता कोनाचं काय घेता?"

रामधननं हात खाली घेतला. दोघं भाऊ आजही एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पाण्याची पाळी सुखीबाई ठरवते.