परातीतलं तूप

परवा जळकोटजवळच्या एका गावात गेले होते. तिथून परत आले, पण अजून जाग्यावर आलेले नाही. लिहायला बसते आणि उठते... आज मात्र दादांना विचारून लिहायलाच घेतलं.

माझं काम बऱ्याच जणांना माहीत आहे. नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवते आणि निजामाच्या फौजेत आलेल्या अरब, हबशी शिपायांच्या घराण्यांचा अभ्यास करते. ते इथल्या बायकांशी लग्नं करून इथलेच झाले. त्यांची नातवंडं-पतवंडं स्वतःला कोण समजतात, काय सांगतात, काय लपवतात... हे ऐकत गावोगाव फिरते.

पीएचडीला हा विषय घेतला तेव्हा गाईड म्हणाले होते, किल्ले घ्या, नोकरी तरी लागेल. नोकरी लागली. पण उमरीला राहणारे माझे वडील, म्हणजे दादा, त्यांचा राग काही गेला नाही.

दादा शेती करणारे, शांत माणूस. पण माझ्या कामाचा विषय निघाला की, लोकाच्या रक्ताच्या चौकशा कशाला, म्हणून उठून जायचे. पाहुण्यांना नुसतं सांगायचे, पोरगी मास्तरीण आहे. मला ते फार लागायचं...

तर परवा हलीमा खालांकडे गेले होते. घराणं चाऊसांचं, म्हणजे त्या अरब शिपायांच्या वंशातलं. वय झालंय, पण आवाज खणखणीत. बोलणं झाल्यावर म्हणाल्या, आता जेवल्याशिवाय हलायचं नाही.

गहू आणि मटण एकत्र घोटून केलेलं हरीस होतं. मोठी परात मध्ये, भोवती आम्ही सगळ्या बायका. परातीच्या मधोमध खळगा करून त्यात तूप ओतलेलं.

माझ्या शेजारी त्यांची बाळंतीण नातसून बसली होती. आणि मला कळायच्या आत माझं बोट पुढे गेलं... खळग्यापासून तिच्यापर्यंत मी एक पाट काढला आणि तूप वाहत तिच्याकडे गेलं.

खालांचा घास हातातच राहिला.

"हे कुणी शिकिवलं तुला?"

मी म्हटलं, कुणी शिकवलं नाही, आमच्या घरी पाचवीला करतात. बिनमटणाचं, पण असंच खारं, घोटलेलं. एरवी आमच्यात कुणी कुणाचं उष्टं खात नाही, त्या दिवशी मात्र सगळ्या बायका एका परातीत. आजी बोटाने तूप बाळंतिणीकडे वळवायची. मला वाटायचं, आमच्या घरची एक तऱ्हा...

"ही आमच्याच घरची रीत हाय बाई. दुसऱ्या चाऊसांत बी न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घरदार सोडून पळताना त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण मागे राहिली. मरियम. वडील मरेपर्यंत तिला हुडकत होते.

एका रितीवरून नातं ठरत नाही, हे मीच वर्गात घसा फोडून सांगते. तेच स्वतःला बजावत निघाले आणि नांदेडला न थांबता थेट उमरी गाठली.

दादा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. आमच्या कामाचा नियम आहे, समोरच्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. म्हणून खालांचं, मरियमचं, कशाचंच नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "दादा, आजीचं माहेर कुठलं?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"जळकोटकडलं," म्हणाले. "धामधुमीत पोर रानात घावली माझ्या आज्याला. बायकोच्या भावाची पोर म्हणून गावाला सांगितलं. पुढं सून करून घेतली."

ज्या आजीच्या मांडीवर वाढले, तिच्याबद्दल मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं...

त्यांच्या आईने, म्हणजे आजीनेच, हे कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, म्हणाले. पोरांची लग्नं मोडतील म्हणून ती धास्तावलेली असायची. "म्हणून तुला अडवत व्हतो. एक दिस तू आपल्याच दारात येशील, ठावं व्हतं मला."

मग माझ्या पिशवीकडे बघत म्हणाले, "तुझं ते मशीन चालू कर. गावात सरू म्हणत तिला. खरं नाव सांगतो."

मी रेकॉर्डर चालू केला.

"मरियम," दादा म्हणाले.

मी रडत होते की काय, आठवत नाही. दादांनीच हळूच विचारलं, तिचं कुणी उरलंय का तिकडे... मग मी खालांचं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडून फोन लावून घेतला. जे माझ्या कामाचं नाव काढलं की उठून जायचे, ते फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभे होते. या कामाने मला काय दिलं, हे आता मला कुणी विचारू नका...

पलीकडून खालांचा आवाज आला. दादांनी घसा खाकरला.

"आक्का... मी मरियमचा पोरगा बोलायलोय."