ऑपरेशनआधीची पावडर

कारखान्याच्या कँटीनमधली मुख्य स्वयंपाकीण वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तयारी करत होती. यकृतावरची चरबी उतरावी म्हणून डॉक्टरांनी तिला फक्त पातळ खाण्यावर ठेवलं होतं आणि जेवणाऐवजी प्यायला प्रोटीनची पावडर दिली होती. व्हॅनिलाच्या वासाची ती पावडर पाण्यात ढवळली की चिकट फेस यायचा आणि पहिल्याच घोटाला तिला मळमळायचं. कँटीनमध्ये तर रस्सा नुसता चाखायचा, मीठ बघायचं आणि बेसिनमध्ये थुंकायचं. थुंकीतला तेलाचा तवंग बघून तिला स्वतःचीच किळस यायची.

एकदा धाकटी जाऊ घरी आली आणि नाक मुरडून म्हणाली, "ताई, पोट कापून घेण्यापेक्षा जीभ आवरायची होतीत."

तिने हातातला पेला जावेपुढे धरला. "घे एक घोट, मग शिकव मला."

जावेने घोट घेतला आणि तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली. स्वयंपाकिणीला मात्र हसूही आलं नाही. उरलेला पेला तिने नाक दाबून संपवला.

सोनोग्राफीत यकृत चांगलं आकसलेलं दिसलं. डॉक्टर खूश झाले. "शाब्बास! आता ऑपरेशननंतरही काही दिवस हीच पावडर घ्यायची."

"घेते," ती म्हणाली, तोंडावर हात दाबला आणि टेबलाखालची कचऱ्याची बादली तिने पायाने जवळ ओढली.