न बोलावता दिलेली हजेरी

यवतमाळच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी घोकत होते, तेव्हा वाचलं की महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच देशात राहणाऱ्या जपानी लोकांना घरादारातून उचलून काटेरी तारेच्या आत कोंडलं. गुन्हा काय, तर चेहरा! घरी येऊन बाबांना सांगितलं. आम्ही फासेपारधी. इंग्रजांनी बाबांच्या वडिलांनाही असंच जन्मानं चोर ठरवून तारेच्या आत ठेवलं होतं, रोज हजेरी घ्यायचे. बाबांनी एकच विचारलं, "मंग सोडल्यावर त्याइले कोनं काही म्हनलं?"

"सरकारनं माफी मागितली."

"काय सांगतं वं!" म्हणत ते कितीतरी वेळ हसत राहिले.

मागच्या महिन्यात मला नोकरी लागली. रुजू व्हायला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो, त्यासाठी जमादार सकाळी घरी चौकशीला येणार होता. मी अंगण सारवलं, शेजारून खुर्ची आणली, बाबांना धुतलेला सदरा दिला. अन् बाबाच गायब!

"कोनाच्या तरी वावरातली मोटर चोरी गेली म्हने," आई म्हणाली. "ठाण्यात जाऊन बसले ते."

आमच्या बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरची, ही जुनी रीत. आसपास चोरी झाली की कर्त्या माणसानं भाकर बांधून घ्यायची आणि आपणच ठाण्यात जाऊन बसायचं. म्हणजे फटके कमी पडतात आणि पोलिसांची गाडी बेड्यावर येत नाही. माझं डोकंच फिरलं. अरे, पण आजच? एक दिवस दम धरवला नाही?

स्कूटीवर ठाणं गाठलं. बाकडं रिकामं होतं, बाबा त्याच्या पायाशी फरशीवर बसले होते. अंगात तोच सदरा, मांडीवर भाकरीचं गाठोडं.

"तुमच्याच घरी निघालो होतो मॅडम," जमादार म्हणाला. "पण वडील इथंच भेटले." माझ्या कागदावर त्यानं लिहूनही टाकलं होतं, वडील चोरीच्या चौकशीसाठी ठाण्यात हजर.

"त्यांना बोलावलं होतं कोणी?"

"तेच तर! काही केलं नसतं तर आले कायले असते?"

मी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. तेवढ्यात फोन आला. मोटर चोरीला गेलीच नव्हती, मालकाच्या साळ्यानं ती दुरुस्तीला नेली होती. जमादार हसला. "चला, मिटलं."

"मग ते खोडा."

"सही-शिक्का झाला मॅडम. आता वर अर्ज करा."

कोणत्या तोंडानं सांगतो हा माणूस! पण खरं सांगते, त्याच्यापेक्षा जास्त राग मला बाबांचा आला. "काहून आलते तुम्ही? काहून?" सगळ्यांसमोर मी त्यांच्यावर ओरडले.

बाबा उठले. वाटलं, आता तरी बोलतील. त्यांनी गाठोडं काखेत मारलं आणि जमादारापुढे हात जोडले.

"माफ करजा साहेब," ते म्हणाले, "पोरीनं तकलीफ देली."