सोवळ्याची काठी

आमच्या शहरातल्या लष्कर भागात एका सरदारांच्या घराचं आता म्युझियम झालंय. संध्याकाळी ते दाखवणारा माणूस उलटा चालतो. तोंड आमच्याकडे, पाठ दाराकडे, पण कधी अडखळत नाही. मराठीच आहे, पण इथल्या हिंदीत वाढलेला. वाक्य मराठीत सुरू करतो आणि शेवटी हमखास, "समझ रहे हैं ना?"

बायको गेल्यापासून संध्याकाळी घरात बसवत नाही, म्हणून मी रोज तिथे जातो. एक दिवस हा हटकेल, ही धास्ती होती.

स्वयंपाकघरातली लांब काठी दाखवून तो सांगायचा, "ही माकडं हाकलायला." दोन महिने ऐकून घेतलं. परवा तोंडातून निघालंच, "कसली माकडं! सोवळ्याची काठी आहे ती. माझी बायको अशीच रोज वापरायची."

लोक हसले, तो त्यांना घेऊन पुढच्या खोलीत गेला. मला वाटलं, संपलं. उद्यापासून आपल्याला दार बंद.

काल मी मागेच उभा होतो. त्याने काठी काढून सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. "काका, तुम्हीच सांगा. मैं तो गलत बता रहा था."

खांद्यावरचा पंचा काठीने उंच दांडीवर टाकून दाखवला. म्हटलं, "असं वाळत घातलं की सोवळ्याला कुणाचा हात लागत नाही. मी जवळ गेलो, की बायको अशाच काठीने मला ढोसायची."

सगळे हसले. मीसुद्धा.

निघताना तो म्हणाला, "काका, कल टाइम पे आना. स्वयंपाकघर आता तुमच्याकडे."

घरी येऊन दिवा लावला आणि पोटभर जेवलो.