दिवाळीला नेलेली भुताची तीन पुस्तकं

यंदा दिवाळीला माहेरी जाताना लेकरांसाठी भुताची पुस्तकं न्यायची, हे मी दसऱ्यालाच ठरवून टाकलं होतं. माझा धाकटा भाऊ उन्हाळ्यात गेला. छातीत कळ आली आणि आमच्या केनवड गावाहून वाशीमकडच्या मालेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. हा गडी म्हणजे भुताच्या गोष्टींचं कोठार. सोयाबीनची सोंगणी झाली, संध्याकाळ लवकर पडायला लागली, की अंगणात पोरं जमवायचा आणि असं काही भेव दाखवायचा की मोठी माणसंही मागच्या अंगणात जायला सोबत शोधायची. त्याच्या तीन लेकरांना आता गोष्टी कोण सांगणार? मला तशा सांगता येत नाहीत. म्हटलं, पुस्तकं तरी नेऊ.

मी राहते त्या कारंज्यात स्टँडजवळ वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, तिथं मी अख्खी दुपार घालवली. दुकानदार वैतागला. "बाई, पोरगी दहावीत हाय म्हणता, मंग गाईड न्या ना. भुतं कायले?"

"दहावीचं भेव तिले वर्षभर हायच," मी म्हणाले. "मी दुसरं भेव पाहून राह्यली."

मी शाळेत शिकवते. कोणत्या वयाला केवढी भीती झेपते हे आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असा माझा तोरा. लहानग्याला अशी भीती द्यावी जी शेवटी हसण्यावर जाते. सहावी-सातवीच्या पोराला अशी, की चार दोस्त आणि एक टॉर्च घेऊन तिला हरवता येईल. आणि पंधरा-सोळाचं वय झालं की भूत होतं की नव्हतं हे शेवटपर्यंत न सांगणारं पुस्तक लागतं, कारण त्या वयात सगळंच तसं असतं. शाळेत हे मी नव्या मास्तरांना ऐकवत असते. ते माना डोलावतात.

खरी काळजी मला दहावीतल्या मोठीची होती. बाप गेल्यापासून ती कोणाशी धड बोलत नव्हती. तिच्यासाठी काढलेली दोन पुस्तकं मी परत ठेवली, कारण दोन्हींत बाप मरत होता. तिसरं तिथंच स्टुलावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मगच घेतलं. मधल्या पोराचंही अर्धंअधिक चाळलं. धाकटी पहिलीत आहे. तिच्या पुस्तकाची नुसती चित्रं पाहिली. ढेरपोट्या भुताच्या डोक्यावर टोपी, अक्षरं मोठी मोठी. हिला काय होणार आहे? घाला पिशवीत.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

भाऊबिजेला घरात पाऊल टाकलं. ओवाळायला कोणी नव्हतं. भावजयीनं चहा दिला, कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून सांगितलं. मी पुस्तकं वाटली. मोठीनं आपलं घेतलं, पाठीमागचा मजकूर वाचला आणि "आत्या, हे बाबांना आवडलं असतं," म्हणून चक्क हसली. मधला तर पुस्तक घेऊन टीनाच्या छपरावर चढला. मनात म्हटलं, वा! जमलं की बाई तुला.

धाकटी मांडीवर येऊन बसली. मी वाचायला लागले. शेजारची पोरंही गोळा झाली. एका घरात रोज संध्याकाळी एक भूत येई. ओसरीवर बसे आणि भाकरीचा तुकडा मागे. पोरं खिदळायला लागली. मीही रंगात आले, भुताचा आवाज घोगरा काढला. मग गावकरी झाडू घेऊन धावले, मिरच्यांचा धूर केला, आणि शेवटच्या पानावर भूत टोपी सांभाळत शिवेच्या बाहेर पळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

धाकटी हसली नाही.

"आत्या, ते त्याचंच घर व्हतं ना?"

"अवं, भुताचं कायचं घर?"

तिनं पानं मागं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ते भूत म्हणजे त्या घराचा जुना मालक, असं तिथं लिहिलेलं होतं. मी ती ओळ भरभर वाचून टाकली होती, आणि दुकानात तर पाहिलीच नव्हती.

"त्याच्या घरातून त्याले काहून हाकललं?"

तेवढ्यात भावजयीनं आत बोलावलं. चुलीपाशी दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, हे कायले वाचलं हो तिच्यापाशी? बाबा येतीन म्हणून पोरगी रोज ओसरीवर भाकरीचा तुकडा ठेवते. एकटीच बोलत बसते. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरीले बाहेरचं लागलं. जाणत्याकडे नेलं, लिंबू उतरवलं, गळ्यात दोरा बांधला. तरी ठेवतेच."

मी तिच्यावर खेकसले. "बह्याड झाली काय तू? लेकरू बापाची वाट पाहून राह्यलं, त्याले दोरे बांधता?" भावजय रडायला लागली. तिचं तरी काय चुकलं? एकटीनं शेत पाहायचं, पोरं पाहायची, आणि गावाची तोंडंही पाहायची.

बाहेर आले तर धाकटी तशीच बसलेली. मला पाहून तिनं विचारलं, "आत्या, आपले बाबा बाहेरचे झाले काय?"

आमच्याकडे भूतबाधेला बाहेरचं म्हणतात. जन्मभर तो शब्द ऐकत आले, पण त्याचा अर्थ असा कोणी माझ्यापुढे ठेवला नव्हता. ज्यानं ही ओसरी स्वतः उभं राहून बांधून घेतली तो माणूस, आणि त्याची लेक विचारते, बाहेरचे झाले काय.

"नाही वं माय," मी तिला जवळ ओढलं. "बाबा घरचेच. अन् हे भूत पण उद्या वापस येते. गावकरी म्हणतात, चुकलं आमचं, बस बाप्पा ओसरीवर."

तिनं पुस्तक उघडून शेवटचं पान काढलं. नुकतीच वाचायला शिकलेली. अक्षरं जुळवत जुळवत तिनं वाचलं, "भूत... पुन्हा... कधीच... आले... नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "इथी तर तसं लिहेलं नाही."

छापलेलं खरं असतं, हे मास्तरीण असलेल्या आत्यानंच तिला शिकवलेलं.

कारंज्याला परत आल्यावर मी दुकानातलं एक एक पुस्तक पाहिलं. भूत घरात राहिलं, घरच्यांनी त्याला जेवू घातलं, असं मला एकही सापडलं नाही. कुठं मंत्रानं, कुठं झाडूनं, कुठं हुशार पोरांनी, शेवटी त्याला हाकललेलंच. इतकी वर्षं मी पोरांच्या हाती ही पुस्तकं देत आले आणि एकदाही मला त्या भुताची कीव आली नाही.

परवा भावजयीचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"ताई, पोरगी सुधारली बरं. आता तुकडा नाही ठेवत. एकटी बोलत पण नाही. संध्याकायी स्वतःच उठून दरवाजा लावून घेते. दोऱ्यानं झालं नाही, लिंबानं झालं नाही, तुमचं पुस्तक बाकी लागू पडलं."

"बरं झालं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझ्या भावाला त्याच्या लेकीच्या घरातून मीच बाहेर काढलं, आणि घरचे सारे माझे उपकार मानून राह्यले.